सहाशे गोण्या

आमच्या क्लबचं वर्ष एक जुलैला सुरू होतं. एक जानेवारी नाही, पाडवा नाही, एक एप्रिलही नाही. त्यामुळे जुलैच्या पहिल्या आठवड्यात नाशिकच्या झाडून सगळ्या हॉलांत पदग्रहण सोहळे चाललेले असतात. बाहेर पार्किंगमध्ये चिखल, आत व्यासपीठावर प्रेसिडेंटच्या गळ्यात घालायची कॉलर, पिना, शाली, श्रीफळं. २०२३ च्या जुलैत अशाच एका हॉलमध्ये माझ्या खिशाला सेक्रेटरीची पिन लागली आणि हातात एक जाड फाईल आली.

क्लब कुठला ते सांगत नाही. रोटरी, लायन्स, त्यांच्या गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंतच्या शाखा. त्यातलाच एक समजा. बाहेरच्या माणसाला आम्ही सगळे सारखेच दिसतो: फोटोत एका रांगेत उभे, पुढे बॅनर, मध्ये चेहरा पाडून उभा असलेला लाभार्थी.

माझं सातपूरला छोटं वर्कशॉप आहे. क्लबात मी शिरलो तो ऑर्डरी मिळतील या आशेने. खोटं कशाला बोलू? ऑर्डर एकच मिळाली आणि तिचे पैसे यायला दोन दिवाळ्या लागल्या. पण तोवर मंगळवारच्या मीटिंगची सवय लागली होती.

सेक्रेटरी झाल्यावर मी पहिला हिशेब काढला तो जेवणांचा. क्लबच्या कामाचे दोन कप्पे असतात: प्रोजेक्ट आणि फेलोशिप. प्रोजेक्ट म्हणजे समाजसेवा. फेलोशिप म्हणजे आपण आपलं एकत्र जमून खाणं. मागच्या पाच वर्षांच्या फायली चाळल्या तर फेलोशिपचा कप्पा भरलेला आणि प्रोजेक्टचा रोडावलेला. मी पहिल्याच बोर्ड मीटिंगला ठरावच मांडला, की या वर्षी कोजागरी, सहल, रंगपंचमी सगळं रद्द. ते पैसे दोन शाळांच्या बाकांना देऊ. आमच्या प्रेसिडेंट मॅडम पेशाने दातांच्या डॉक्टर. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दाढ काढायच्या आधी भूल द्यावी लागते हो. तुम्ही थेट पक्कडच घेऊन आलात." सगळे हसले. ठराव पडला. मी मनातून चिडलो होतो, हे नोंदवून ठेवतो.

जुलैचा पहिला प्रोजेक्ट कुठल्याही क्लबात एकच असतो, वृक्षारोपण. म्हसरूळच्या पुढे एका टेकडीच्या पायथ्याशी आम्ही दोनशे रोपं लावली. वड, कडुनिंब, करंज, आवळा. खड्डे आयते होते. इतके नीट, एका ओळीत खणलेले खड्डे पाहून मी खूश झालो, तर शेजारी उभे असलेले आमचे सर्वांत जुने सभासद, ज्यांना सगळे काकाच म्हणतात, हळूच म्हणाले, "मागच्या वर्षीचेच आहेत. त्याच्या मागच्या वर्षीचेही तेच."

मग ऑगस्ट आला आणि पाऊस गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. गंगापूर धरणाच्या टक्केवारीवर लोक चहाच्या टपरीवर असे बोलू लागले, जसे एरवी शेअर बाजारावर बोलतात. टेकडीवर पाणी घालायला कोण जाणार याचा एक व्हॉट्सॲप ग्रुप झाला. त्यावर पाण्यापेक्षा सुप्रभातच जास्त पडलं. सप्टेंबरअखेर मी एकटाच जाऊन मोजून आलो. दोनशेतली एकतीस जिवंत होती. त्यातही करंज जास्त, कारण करंज कुणाच्या भरवशावर राहत नाही. फाईलमध्ये मात्र 'वृक्षारोपण: २००' हेच गेलं. किती जगली यासाठी त्या छापील फॉर्ममध्ये रकानाच नाही.

सप्टेंबरात गव्हर्नर व्हिजिट झाली. हे गव्हर्नर म्हणजे आमच्या संघटनेच्या डिस्ट्रिक्टचे प्रमुख, पण आमच्या हॉलच्या वॉचमनने 'गव्हर्नरसाहेब येणार' ऐकून आदल्या दिवशी गेटला चुना मारला आणि दिवसभर राज्यपालांच्या ताफ्याची वाट पाहिली. संध्याकाळी स्विफ्टमधून एक गृहस्थ उतरले आणि त्यांनी त्याच्याकडे टॉयलेट कुठे ते विचारलं. तो अजूनही मला त्याबद्दल ऐकवतो.

आता कोजागरी. २०२३ ची कोजागरी नाशिककरच काय, कुणीच मराठी माणूस विसरला नसेल, कारण त्याच रात्री चंद्रग्रहण होतं. २८ ऑक्टोबर, शनिवार. ग्रहण लागणार रात्री एकनंतर, पण वेध दुपारपासून. म्हणजे मसाला दूध प्यायचं की नाही? आमच्या ग्रुपवर चार दिवस यावर धर्मसंसद भरली. एकाने पंचांगाचं पान टाकलं, दुसऱ्याने खगोलशास्त्राचा व्हिडिओ टाकला, तिसऱ्याने दोन्हीला अंगठा दाखवला. शेवटी असं ठरलं, की जमायचं, दूध आटवायचं, तुळशीचं पान टाकायचं, ज्याला प्यायचं तो पिईल.

मखमलाबादच्या पुढे एका सभासदाची द्राक्षबाग आहे, तिथल्या शेडपुढे चूल मांडली. पंचवीस लिटर दुधाचं पातेलं. आचारी सांगितला होता तो ऐनवेळी आला नाही. आणि मग मी जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या क्लबातला एक मोठा बिल्डर, पाथर्डी फाट्याकडे ज्याच्या तीन साईट एकावेळी चालू असतात, मीटिंगला आला तर शेवटच्या रांगेत बसून मोबाईल पाहणारा, चेक मागितला तर देणारा पण स्वतः कधीच न येणारा, असा तो माणूस. त्याने पांढरी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, माझ्या हातातून उलथनं घेतलं आणि म्हणाला, "असं वरवर ढवळू नका, तळाला लागेल. माझी आई डेअरीला दूध घालायची, चंद्रपूर बॉर्डरच्या म्हशींसारख्या म्हशी होत्या आमच्या सिन्नरला." ही चंद्रपूर बॉर्डर कुठली आणि तिथल्या म्हशींचं काय, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण दोन तास तो पातेल्यापासून हलला नाही. मी लाकडं सारायची, त्याने ढवळायचं. धुराने दोघांचे डोळे लाल. कधीतरी साडेदहाच्या सुमारास मी त्याला 'साहेब, जरा इकडे' म्हणण्याऐवजी 'अरे, इकडून, इकडून ढवळ' असं म्हणून गेलो. जीभ चावली. त्याने वळूनही पाहिलं नाही, म्हणाला, "तू जाळ कमी कर आधी."

दूध शेवटी सगळ्यांनी प्यायलं. वेध पाळणाऱ्या वहिनींनी तुळशीचं पान दोनदा टाकून प्यायलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी, ५ नोव्हेंबरला, आम्ही हरसूलच्या पुढे एका पाड्यावर फराळ वाटायला गेलो. नाशिकहून त्र्यंबकच्या बाजूला हा दिवाळीआधीचा रविवार म्हणजे जत्राच असते. अंबोलीच्या घाटात आमच्यापुढे तीन गाड्या होत्या, तिन्हींवर बॅनर, तिन्हींत फराळ. आम्ही पोचलो तर पाड्यावरची पोरं आधीच कुणाच्या तरी चकल्या खात बसलेली. आमचे दीडशे पुडे वाटून झाले, फोटो झाले. एक आजी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी पुडा घेतला, शेजारी ठेवला. तिथे आधीचे दोन होते. मी उगाच विचारायचं म्हणून विचारलं, "आजी, अजून काही लागतं का?" त्यांनी खाली नाल्याकडे बोट केलं. नाला तेव्हा खळखळ वाहत होता. "हे थांबवता येतं का पाहा," म्हणाल्या. "होळीला इथे वाळू राहते नुसती."

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांना हे पटत नाही. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा म्हणजे जिल्ह्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या पट्ट्यातले तालुके, आणि मार्च-एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या गावांची नावंही तिथलीच. खाली काळा कातळ, वर वीतभर माती, आणि उतार असा, की पडलेलं पाणी पश्चिमेला उतरून समुद्र गाठायच्या घाईत असतं. जमिनीत मुरायला त्याला कुणी थांबवतच नाही. थांबवायचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची, वाहत्या नाल्यात आडव्या रचायच्या. मोहन धारियांच्या 'वनराई' संस्थेमुळे हे नाव रूढ झालं. एकच अट असते, नाला वाहता असताना बांधायचा. उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही.

परत येताना गाडीत हिशेब झाला: तीस फूट रुंद नाला, कंबरभर उंची, सहाशे गोण्या. क्लबच्या बजेटमध्ये हा प्रोजेक्ट नव्हता. रीतसर जायचं तर बोर्डाची मंजुरी, मग पत्र, मग कोटेशन. डिसेंबर उजाडला असता. मी गाडीतूनच त्या बिल्डरला फोन लावला.

"अरे, तुझ्या साईटवर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या किती निघतात?"

"किती पाहिजेत?"

"सहाशे."

"झटकून ठेवायला सांगतो. मंगळवारी टेंपो पाठव." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "कधी आहे? मी पण येतो."

तारीख ठरली १९ नोव्हेंबर, रविवार. बुधवारी भारताने सेमी फायनल जिंकली आणि १९ नोव्हेंबरला अहमदाबादला वर्ल्ड कपची फायनल आली. ग्रुपवर ज्यांनी हाताचा अंगठा दाखवला होता त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी अचानक पाहुणे आले. मी मॅडमना म्हटलं, पुढे ढकलू. त्या म्हणाल्या, "नाला पुढे ढकलतोय का?"

एकोणीस जण आलो. पहाटे साडेपाचला सीबीएसवर, म्हणजे नाशिकच्या मध्यवर्ती बस स्टँडवर जमून, दोनच्या आत टीव्हीपुढे बसायच्या बोलीवर. बिल्डर आला, मुलाला घेऊन आला. पाड्यावरचे तीसेक लोक आमच्या आधीच नाल्यात उतरलेले होते. दोनशे गोण्या त्यांनी आदल्या दिवशीच भरून ठेवल्या होत्या.

मी वर्कशॉपवाला माणूस, मला वाटलं मला कळतं. पहिली गोणी मी गच्च भरली, पाय देऊन दाबून. पाड्यावरचा एक तरुण, ज्याने आमच्याशी सगळं फोनवर ठरवलं होतं, पाहत होता. म्हणाला, "दादा, एवढी नाही भरायची. पोट फुगलं की गोणी गोल होते, बसत नाही. थोडी कमी भरा. मग ती आडवी पसरते, दुसरीला धरते." त्याने माझी गोणी उपडी करून अर्धी माती काढली. शिवायचं काम बायकांकडे होतं. दाभणात सुतळी, गोणीच्या तोंडाला एक दुमड, पाच टाके, गाठ. पाच टाके. आमच्यातल्या एकीने, चांगली एम्ब्रॉयडरी करणारी बाई, नऊ टाके घातले आणि शेजारच्या मावशींनी तिच्याकडे पाहून नुसतं हसून घेतलं. गोण्या रचताना विटांसारख्या, खालच्या सांध्यावर वरची गोणी. आणि प्रत्येक थराच्या मागे चिकणमाती पायाने तुडवून बसवायची. ते तुडवणं पोरांनी केलं, गाणी म्हणत. बिल्डर ओळंबा नसताना नजरेने लेव्हल पाहत होता. सहाव्या थरानंतर पाणी आमच्या घोट्यावरून पिंढरीपर्यंत आलं. मागे वळून पाहिलं तर नाला थांबला होता. म्हणजे अगदी थांबला नव्हता, गोण्यांमधून झिरपत होता, पण आजींच्या घराखालच्या खडकाशी पाण्याला लाटच नव्हती.

साडेबाराला नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि मिरचीचा ठेचा. मॅचचं कुणी बोललं नाही. दोनला आम्ही टीव्हीपुढे नव्हतो, त्र्यंबकच्या अलीकडे कुठेतरी रेंज येत-जात होती आणि गाडीत एकाच्या मोबाईलला आठ डोकी चिकटली होती. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. २४० धावा, हेडचं शतक, आणि सोमवारी वर्कशॉपमध्ये कुणी कुणाशी बोलेना. माझे खांदे मात्र वेगळ्याच कारणाने दुखत होते.

पुढच्याच रविवारी, २६ तारखेला, अवकाळी आला. निफाडकडे गारपीट झाली, काढणीच्या वाटेवरची द्राक्षं गेली. रात्री त्या तरुणाचा फोन आला: नाल्याला पूर आला, बंधाऱ्याचा डावा कोपरा फुटला. मी म्हटलं, पुढच्या रविवारी येतो. तो म्हणाला, गरज नाही. पाड्यावरचे पुष्कळ जण दिवाळीनंतर निफाड-दिंडोरीच्या बागांत मजुरीला जातात. गारपिटीने बागांचं काम बंद पडलं, मालकांनी त्यांना परत पाठवलं. रिकामे हात घरी आले होते. त्यांनीच दोन दिवसांत कोपरा भरून काढला. "पंधरा गोण्या कमी पडल्या, खताच्या वापरल्या." त्याच्या आवाजात ना तक्रार होती ना कौतुक. बागायतदाराचं नुकसान आणि मजुराचा रोज एकाच पावसात गेला, त्याला फक्त यातल्या मजुरीची मोजदाद करायची होती.

डिसेंबर ते मार्च पटापट गेले. गॅदरिंग झालं, त्यात मी एका नाटुकल्यात मारुती झालो. नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला सहल काढली, पक्ष्यांनी आम्हाला पाहिलं असावं, कारण आम्ही गप्पाच मारत होतो. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीवर गेलो. ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगतो: पेशवेकाळापासूनचे दगडी हौद, एरवी बुजवलेले, त्या एका दिवसासाठी उघडतात, प्रत्येकाचा रंग ठरलेला, आणि त्यात धप्पा मारायचा. आमच्या दातांच्या डॉक्टर मॅडमनी धप्पा मारला. काठावर उभा राहून मी त्यांची पर्स सांभाळली.

याच दरम्यान एका मंगळवारी काकांनी पोलिओची गोष्ट सांगितली. खरं तर ते दर वर्षी सांगतात आणि दर वर्षी आम्ही घड्याळ पाहतो. देशात पल्स पोलिओ १९९५ ला सुरू झालं तेव्हापासून ते बूथवर बसले. नाशिक रोड स्टेशनवर, मेळा स्टँडवर, विटांच्या भट्ट्यांवर. दोन थेंब, आणि डाव्या हाताच्या करंगळीला मार्करने खूण. "करंगळीची खूण दिसली नाही की पोराला धरायचं, आईने कितीही शिव्या दिल्या तरी." भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ ला हावड्यात सापडला. २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. या वेळी मी घड्याळ न पाहता बोटं मोजली. एवढ्या काळात आमच्या क्लबात प्रेसिडेंट झाले एकोणीस. एकोणीस कॉलरी, एकोणीस ब्रीदवाक्यं, एकोणीस फायली. बूथवर काका तेच.

मे महिन्यात रक्तदान शिबिर. त्याचीही एक गंमत मला त्याच वर्षी कळली. रक्तपेढीच्या टेक्निशियनने फोनवर सरळ विचारलं, "सर, पंधरा ऑगस्टला नको, मेमध्ये करता का?" राष्ट्रीय सण, पुढाऱ्यांचे वाढदिवस आले की एकाच आठवड्यात शिबिरांचा पूर येतो. रक्त साठवून किती ठेवणार? लाल पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. आणि मेमध्ये कॉलेजं बंद, रक्तदाते गावाला, थॅलेसेमियाच्या पोरांना मात्र रक्त लागायचं थांबत नाही. आम्ही मे धरला. नेमकी लोकसभेची आचारसंहिता होती, नाशिकचं मतदान २० मेला. बॅनरची परवानगी कुणाकडून घ्यायची या भानगडीत न पडता आम्ही बॅनरच लावला नाही. बॅनरशिवाय झालेला आमच्या क्लबच्या इतिहासातला हा बहुधा पहिला कार्यक्रम. एक्केचाळीस बाटल्या जमल्या. माझ्या बायकोने या शिबिरासाठी महिनाभर घरोघरी फोन केले होते, फेब्रुवारीत महिलांच्या मेळाव्यात हिमोग्लोबिनवर भाषणही दिलं होतं. सुई टोचून पाहिलं तर तिचंच अकरा पॉइंट दोन. साडेबारा लागतं. तिला टेबलावरून उठवलं तेव्हा ती जी चिडली, ती रक्तपेढीवर नाही, माझ्यावर. रोज डबा भरून उरलेलं उभ्याउभ्या कोण खातं, असं तिने मला टेक्निशियनसमोर विचारलं. आमच्याकडे आता आधी तिचं ताट वाढतो.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात अहवाल लिहायचा असतो. मी लिहायला बसलो आणि मग उठून गाडी काढली, हरसूलला गेलो. पाऊस नुकता सुरू झाला होता. आजी ओट्यावर तशाच. पाणी कधीपर्यंत पुरलं विचारलं. "होळी काढली, पाडवा काढला," म्हणाल्या. "रामनवमीनंतर वाळू." म्हणजे साधारण महिनाभर जास्त. एका महिन्यासाठी सहाशे गोण्या. जास्त की कमी, हे मला ठरवता आलं नाही. हंडा ज्याच्या डोक्यावर असतो त्याने ठरवावं.

नाल्यात उतरलो तेव्हा एक गोष्ट दिसली जी कुणी सांगितली नव्हती. उन्हाने गोण्या कुजल्या होत्या. हात लावला की पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चिंध्या सुटत होत्या, झुडपांना अडकल्या होत्या, नव्या पाण्याबरोबर खाली चालल्या होत्या. तो तरुण आणि मी मिळून दीड तास चिंध्या वेचल्या. दोन पोती भरली. ती गाडीत घालून नाशिकला आणली, कारण तिथे टाकायची तरी कुठे? काचेवर वायपर, मागच्या सीटवर ओल्या प्लॅस्टिकचा वास. अहवालाच्या फॉर्ममध्ये अर्थातच यालाही रकाना नव्हता. मी शेवटच्या पानावर पेनाने लिहिलं: रोपं जगली ३१. गोण्यांचं प्लॅस्टिक दर जूनमध्ये उचलणे.

३० जूनला फाईल नव्या सेक्रेटरीकडे दिली. तरुण आहे, सीए आहे, उत्साही आहे. त्याने फाईल चाळली, पेनाने लिहिलेलं वाचलं, आणि विचारलं, "या वर्षी खर्च कमी करायचाय. फेलोशिप कट करू का?" मी मॅडमकडे पाहिलं. त्या शालीची घडी घालत होत्या. मी म्हटलं, "कोजागरीला दूध ढवळायला तूच उभा राहा. बाकी मग बघू."

ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाड्यावरून फोन आला. "दादा, यंदा नाला जोरात आहे. गोण्या कधी आणता?" मी सांगणार होतो, की आता मी सेक्रेटरी नाही, नव्या सेक्रेटरींचा नंबर घ्या. तेवढ्यात त्यानेच पुढे विचारलं, "आणि ते लेव्हल बघणारे साहेब येतील ना?"

मी फोन ठेवला आणि पाथर्डी फाट्याला लावला. "अरे," म्हटलं, "गोण्या झटकून ठेव."

"किती?"

"सहाशे पंधरा."